मी काढलेल्या चुकीच्या शेपट्या

उजनी धरणाच्या फुगवट्यावर येणाऱ्या पाणपक्ष्यांची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका आमच्या पक्षीमित्रांनी काढली, तेव्हा चित्रं माझ्याकडे आली आणि चित्रांखालची वर्णनंही. मी शाळेत चित्रकला शिकवते. हात बरा आहे, म्हणून कुणी फारसं तपासलं नाही. पुस्तिका वाटली गेली, जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत नव्या मुलांनी ती खिशात ठेवून नोंदी केल्या, आणि मग एकेक चूक वर येऊ लागली. चोची बरोबर होत्या. डोळे, पाय, पंखांवरचे पट्टे बहुतेक बरोबर होते. चुकल्या होत्या त्या शेपट्या, आणि एकदोन नाही, बऱ्याच.

माझी पद्धतच तशी होती. पक्षी दुर्बिणीत आला की आधी डोकं, मग चोच, मान, छाती, पंख. शेपटीपर्यंत पोचेस्तोवर तो वळलेला असायचा, पाण्यात डोकं खुपसून बसलेला असायचा, नाहीतर उडून गेलेला. मग राहिलेलं काम घरी. थोडं आठवणीतून, थोडं छापील चित्रांतून, थोडं अंदाजाने. कागदावर पक्षी पुरा दिसलाच पाहिजे हा माझा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी न पाहिलेलं मी पाहिल्यासारखं काढत गेले.

पहिली चूक दाखवली ती कुंभारगावच्या एका नावाड्याने. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. पुस्तिका हातात घेऊन त्यांनी पानं उलटली आणि चित्रबलाकापाशी थांबले. म्हणाले, "ताई, ह्याला गुलाबी शेपूट कुनी लावलं?" मी म्हटलं, "मामा, असतंच ना गुलाबी. मागे एवढं ठळक दिसतं." त्यांनी वाद घातला नाही. नाव थोडी पुढे घेतली आणि काठाला उभ्या असलेल्या चित्रबलाकांकडे बोट केलं. "आता उडतील तवा बघा. गुलाबी कशासंगं जातंय ते बघा."

पक्षी उडाले. पंख उघडले तसा तो गुलाबी झुपका दोन्ही बाजूंना फाकला, पंखांबरोबर वर गेला, आणि मागे उघडी पडली ती आखूड, काळीभोर शेपटी. मी इतकी वर्षं भादलवाडीच्या तलावावर, भिगवणला, थेट इंदापूरपर्यंत हे पक्षी पाहत आले होते. त्यांची उड्डाणंही पाहिली होती. पण उडताना मी त्यांच्या पंखांचे काळे-पांढरे पट्टे पाहत असे, बसल्यावर गुलाबी रंग पाहत असे, आणि ही दोन दृश्यं कधी एकत्र ठेवून पाहिली नव्हती. तो गुलाबी रंग पंखांच्या अगदी आतल्या, अंगालगतच्या लांब पिसांचा असतो. पंख मिटले की ती पिसं पाठीवरून मागे उतरतात आणि खरी शेपटी झाकून टाकतात.

हे एकदा कळल्यावर मी पुस्तिका घेऊन बसले आणि हीच चूक आणखी कुठे झाली आहे ते शोधलं. धनवर बदकाच्या वर्णनात मी लिहिलं होतं, 'शेपटीजवळ पांढरा डाग'. तो डागही पंखांच्या आतल्या पिसांचाच. त्या बदकाची शेपटी काळपट असते. क्रौंचांच्या चित्रात मागे लोंबणारा झुपका मी शेपटीच्या टोकाला चिकटवला होता. तोही पंखांचाच. म्हणजे शेपटी कुठे सुरू होते हेच मला नीट ठाऊक नव्हतं. पक्ष्याच्या मागच्या टोकाला जे काही दिसेल त्याला मी शेपटी म्हणत होते.

शेपटीची खरी पिसं मोजकी असतात. पाठीच्या कण्याच्या शेवटी काही मणके जुळून एक लहानसं हाड झालेलं असतं, त्याच्या दोन्ही अंगांना ती जोडीजोडीने बसवलेली असतात. बहुतेक पक्ष्यांत बारा. कोतवालात आणि पाकोळीत दहा. तलवार बदकात सोळा, मॅलार्डमध्ये अठरा ते वीस. या पिसांच्या बुडावर वरून आणि खालून छोट्या पिसांचं पांघरूण असतं. हे पांघरूणच कधीकधी इतकं वाढतं की शेपटी त्याखाली हरवून जाते. मोराचा पिसारा म्हणजे हे वरचं पांघरूण. त्याची खरी शेपटी वीस आखूड, तपकिरी पिसांची असते आणि उभारलेल्या पिसाऱ्याला मागून टेकू देते. मोर नाचताना त्याच्या मागे जाऊन उभं राहिलं तर ती दिसते. मी शाळेत मोर कित्येकदा काढून घेतला आहे. मागे जाऊन कधी पाहिलं नव्हतं.

पांघरुणाची गोष्ट कळल्यावर आणखी एक चूक सापडली, आणि ती मुलांपर्यंत पोचलेली होती. शाळेच्या वाटेवर एका घरी गावठी बदकं पाळलेली होती. त्यातल्या नराच्या शेपटीवर दोनचार काळी पिसं वर वळून गोल झालेली असत. चित्राला ती फार छान वाटायची. मी वर्गात सांगून टाकलं की शेपटीवर वळलेली पिसं दिसली की नर समजायचा. पुस्तिकेतही हे वाक्य सर्व बदकांसाठी म्हणून गेलं. ही खूण खरी आहे, पण ती मॅलार्डची आणि त्याच्यापासून माणसाळवलेल्या बदकांची. आपल्याकडची बहुतेक गावठी बदकं त्याच वंशातली, म्हणून त्यांच्यात ती दिसते. ती वळलेली पिसं शेपटीची नसून तिच्यावरच्या पांघरुणाची आहेत. आमच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारी थापट्या, गडवाल, चक्रांग, भुवई बदक यांच्यापैकी एकाच्याही नराला ती नसतात. एका मुलीने थंडीत वडिलांबरोबर भिगवणला जाऊन आल्यावर मला विचारलं, "बाई, तिकडं सगळ्या माद्याच होत्या का?" मी तेव्हा तिला काहीतरी गोल उत्तर दिलं, आणि त्या उत्तराची मला आजही टोचणी आहे. तिने पाहिलं होतं ते बरोबर होतं. माझी खूणच चुकीच्या जागी लावलेली होती.

त्याहून मोठी चूक तलवार बदकाची. नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब, टोकदार, जवळजवळ दहा सेंटिमीटरपर्यंत जाणारी. मान पांढरी, डोकं चॉकलेटी. हा पक्षी चुकणं अवघड, असं मी सर्वांना सांगायची. ऑक्टोबरच्या शेवटी पहिले थवे उतरले की मी मोजायला जायची आणि दरवर्षी तेच दिसायचं: सगळे तपकिरी, ठिपकेदार, आखूड शेपटीचे. मी त्यांना माद्या म्हणून लिहीत गेले. एवढ्यावर थांबले असते तरी बरं झालं असतं. पण मी त्यातून सिद्धान्त काढला की आमच्याकडे आधी माद्या येतात आणि नर मागून डिसेंबरात येतात. एका कार्यक्रमात मी हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं.

प्रत्यक्षात नर तिथेच होते. विणीचा हंगाम आटोपला की बदकांचे नर आपला रंगीत पेहराव टाकतात आणि मादीसारखी साधी पिसं घेतात. उन्हाळ्यात पंखांची मोठी पिसंही एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा वेळी न दिसणं हेच त्यांचं संरक्षण. शेपटीची लांब पिसंही तेव्हा नसतात. सैबेरिया, मध्य आशियाकडून आपल्याकडे पोचतात तेव्हा बरेच नर अजून त्याच साध्या वेशात असतात. नवा पेहराव हळूहळू, पुढच्या काही आठवड्यांत अंगावर चढतो. मी डिसेंबरात जे नर 'आले' म्हणून लिहिले, ते ऑक्टोबरपासून माझ्यासमोर पोहत होते.

हे मला कळलं ते चोचीवरून. नराची चोच निळसर राखाडी आणि मध्ये काळी रेघ, मादीची सगळी गडद राखाडी. ही खूण साध्या वेशातही राहते. एका नोव्हेंबरच्या सकाळी सूर्य पाठीशी होता, थवा जवळ होता, आणि मी एका 'मादी'च्या चोचीचा रंग कागदावर मिसळत होते. निळा घ्यावा लागला. पुढच्या पक्ष्यालाही निळा. तोवर मी शेपटी पाहून निकाल देऊन मोकळी व्हायची, त्यामुळे चोच नीट पाहण्याची गरजच वाटली नव्हती. जुन्या वह्या काढल्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सगळ्या पानांवर 'मादी' खोडून 'नर/मादी नक्की नाही' लिहिलं. ज्यांना मी तो सिद्धान्त सांगितला होता त्यांतल्या ज्यांचा पत्ता लागला त्यांना फोन केले. सगळ्यांचा लागला नाही.

बदकं पाण्यावर बसतात कशी, यातही शेपटीची गोष्ट असते, आणि तीही मामांनीच शिकवली. मी सगळी बदकं एकाच बैठकीत काढली होती, शेपटी जरा वर उचललेली. चक्रांग, थापट्या, तलवार बदक अशीच बसतात. ती उथळ पाण्यात डोकं खाली, बूड वर करून खातात, पुरी बुडत नाहीत. लालसरी किंवा शेंडी बदक पूर्ण बुडी मारून खातं, पाण्यात खोल रुतून बसतं, आणि त्याची शेपटी पाण्याला जवळजवळ टेकलेली असते. मामा मासेमारी करतात. बुडी मारणारं बदक जाळ्यात अडकतं, वरवर खाणारं सहसा अडकत नाही, म्हणून त्यांना हा फरक लांबून ओळखावाच लागतो. लालसरीचं माझं चित्र पाहून ते म्हणाले, "ही बुडायची न्हाई." माझ्या चित्राबद्दल इतकं नेमकं दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

शेपटीखालच्या पांढऱ्या रंगाने मला गणनेत तोंडघशी पाडलं. फेरुजिनस पोचार्ड हे गडद तांबूस रंगाचं बुडी बदक आहे. शेपटीखाली स्वच्छ पांढरा रंग ही त्याची ठळक खूण. जागतिक यादीत त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांत आहे, त्यामुळे ते दिसलं की नोंदीला वजन येतं. एका जानेवारीत मी तपकिरी बदकांच्या घोळक्यात मागून पांढरं चमकलेलं पाहिलं आणि फेरुजिनस लिहून टाकलं, संख्येसकट. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आहे, आणि वर्षानुवर्षांचे असे आकडे एकापुढे एक ठेवून कोणत्या पाण्यावर कोणता पक्षी टिकतो आहे याचा अंदाज बांधला जातो. तिथे माझा तो आकडा गेला. नंतर गटातल्या एकाने त्याच दिवशी, त्याच जागी काढलेले फोटो दाखवले. डोळे पिवळे होते, डोक्यामागे शेंडीचा छोटा उंचवटा होता. शेंडी बदकाच्या माद्या. त्यांच्यातल्या काहींच्या शेपटीखाली पांढरा रंग असतो. फेरुजिनसची मादी असती तर डोळा गडद तपकिरी असता. मी डोळा पाहिलाच नव्हता. पक्षी पाठमोरे होते, आणि मला जे हवं होतं ते मागूनच दिसत होतं.

नोंद मागे घेतली. ते करताना जड गेलं हे मान्य करते, कारण ती आमच्या गटाची त्या वर्षीची सगळ्यात कौतुकाची नोंद होती.

पण ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त पस्तावा आहे, ती कुणाच्याही नोंदीत गेली नाही. एका हिवाळ्याच्या सुरुवातीला जाळ्यात अडकून मेलेलं एक चक्रांग मामांच्या हाती लागलं. जाळी सोडवून त्यांनी ते नावेच्या फळीवर ठेवलं. काठावर पुरण्याआधी मला जेमतेम अर्धा तास मिळाला. इतक्या जवळून बदकाची शेपटी मी पहिल्यांदाच पाहत होते. पिसं पंख्यासारखी हलकेच पसरली. मधली दोन गडद, तुकतुकीत, टोकं निमुळती. कडेची फिकट, झिजलेली, आणि त्यांच्या टोकांना इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. एकाच्या नाही, कडेच्या जवळजवळ सगळ्यांच्या. मला वाटलं, जाळ्यात धडपडताना टोकं तुटली. बिचाऱ्याची पिसं मोडलेली काढू नयेत म्हणून मी चित्रात ती सगळी नीट गोलाकार पुरी केली.

ती खाच म्हणजे त्या पक्ष्याचं वय होतं. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा शेपटीच्या जागी लव असते. त्याच मुळातून पुढे खरं पीस उगवतं आणि दुधाच्या दाताला ढकलावं तसं त्या लवेला पुढे ढकलत बाहेर येतं. लव पिसाच्या टोकाला चिकटलेली राहते. पुढे ती मोडून पडते तेव्हा पिसाच्या दांडीचं टोकही घेऊन जाते आणि खाच उरते. मोठ्या पक्ष्याच्या पिसांना ती नसते. हिवाळा सरत जाईल तशी ही पहिली पिसं गळतात आणि नवी येतात. म्हणून कडेला खाचेची जुनी आणि मध्ये नवी गडद, असं मिश्रण दिसलं की बदक त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जन्मलेलं. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा अभ्यास करणारे लोक वय ठरवताना शेपटीची टोकं तपासतात ती यासाठीच.

म्हणजे त्या फळीवर मेलेलं बदक पहिल्याच प्रवासाला निघालेलं होतं. जन्मल्यावर काही महिन्यांत हजारो किलोमीटर उडून उजनीपर्यंत पोचलं आणि जाळ्यात सापडलं. त्याच्याबद्दल कळण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती, ती त्याच्या शेपटीवर स्पष्ट होती, आणि मी ती माझ्या हाताने पुसली. दुरुस्त करते आहे असं समजून पुसली. ते चित्र अजून माझ्याकडे आहे. रेषा सुरेख आल्या आहेत. ते मी कुणाला दाखवत नाही.

त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आता पहिली रेघ मागच्या टोकाची. पंखांची टोकं शेपटीच्या अलीकडे संपतात की पलीकडे जातात, ते आधी पाहते. मग वरचं पांघरूण, मग खालचं, आणि सगळ्यात शेवटी शेपटीची स्वतःची पिसं, दिसली तितकीच. न दिसलेली जागा कोरी सोडते. चित्राखाली तारीख, कारण तारखेशिवाय शेपटीचं वर्णन अर्धवट असतं. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याने मला हे पटवलं. त्याची ती डौलदार, बाकदार शेपटी पावसाळ्यात, विणीच्या काळात असते. थंडीत ती गळलेली असते आणि पक्षी अगदी वेगळा, आखूड दिसतो. मी पुस्तिकेत तो जानेवारीच्या पाण्यात पावसाळी शेपटीसह काढला होता. गणनेला आलेल्या मुलांनी समोरचा आखूड शेपटीचा कमळपक्षी चित्राशी ताडून पाहिला, जुळला नाही, म्हणून 'अनोळखी' या रकान्यात टाकला. वेड्या राघूच्या पिल्लांचंही तसंच. शेपटीतून निघालेल्या दोन काड्या त्यांना अजून आलेल्या नसतात, आणि मी एकदा त्यांना वेगळीच जात ठरवली होती. घारीची शेपटी मिटलेली असताना दुभंगलेली दिसते आणि पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते, हेही मी 'दुभंगलेली' एवढंच लिहून संपवलं होतं.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढताना बहुतेक पानं नव्याने केली. तलवार बदकाची आता तीन चित्रं आहेत: ऑक्टोबरातला नर, जानेवारीतला नर, मादी. चित्रबलाक दोनदा आहे, बसलेला आणि उडता. मामांनी दोन्ही पाहिले आणि पान उलटलं, म्हणजे बरोबर असावेत.

एका पानावरून मात्र गटात बरीच ओढाताण झाली. पाणलावा. चिखलात दबकून बसणारा, लांब चोचीचा, गवताच्या रंगाचा पक्षी. आपल्याकडे त्याच्या एकाहून अधिक जाती येतात आणि दिसायला त्या इतक्या सारख्या की बसलेल्या पक्ष्यावरून खात्री देता येत नाही. खरा फरक शेपटीत आहे. साध्या पाणलाव्याला बहुधा चौदा पिसं, सगळी साधारण रुंद. पिनटेल पाणलाव्याला पंचवीसच्या आसपास, आणि कडेची कित्येक पिसं टाचणीसारखी बारीक, ताठ. पण ती दिसायला शेपटी पूर्ण पसरलेली लागते. पक्षी अंग साफ करताना किंवा आळस देताना क्षणभर पसरतो तेव्हा, नाहीतर हातात आला तरच. पायाजवळून तो उडतो तेव्हा नागमोडी वळत निघून जातो आणि एक करडा झपाटा एवढंच हाती लागतं.

गटातल्यांचं म्हणणं होतं की पुस्तिकेत दोन्ही चित्रं हवीत, मुलांना फरक कळला पाहिजे. इतर पुस्तकांत आहेत, त्यावरून काढून दे. मी दोन्ही शेपट्यांचं वर्णन लिहून दिलं, पिसांच्या संख्येसह, पण चित्र एकच दिलं, बसलेल्या पक्ष्याचं, आणि खाली लिहिलं: 'पाणलावा, जात नक्की नाही'. पसरलेली पिनटेल शेपटी मी अजून माझ्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. पळसदेवच्या बाजूला पाणी उतरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तिथे सकाळी पाणलावे असतात. या हिवाळ्यात मी तिथेच बसणार आहे.